इंग्लंडमधलं जुनं चर्च वाचायचं कसं?

इंग्लंडमधल्या कुठल्याही जुन्या गावात कबरींच्या मधोमध एक दगडी चर्च उभं असतं आणि दारातल्या पाटीवर लिहिलेलं असतं, '१२वं शतक'. पाटी खोटी नसते, अर्धवट असते. एखादी भिंत १२व्या शतकातली असते, खिडक्या १४व्या, छप्पर १५व्या आणि फरशी राणी व्हिक्टोरियाच्या काळातली. पिढ्यान्‌पिढ्या वाढत गेलेल्या वाड्यासारखाच हा प्रकार आहे. म्हणून 'हे चर्च कधी बांधलं?' असं विचारून फारसं हाती लागत नाही. 'आधी काय होतं आणि नंतर काय आलं?' असं विचारा. शैलीवरून साल अंदाजाने कळतं, दगडांच्या सांध्यांवरून क्रम पक्का कळतो. नवखे शैलींची नावं पाठ करतात आणि सांध्यांकडे ढुंकूनही बघत नाहीत. सगळा घोळ तिथून सुरू होतो.

सोबत काय घ्यायचं

साधी दुर्बीण (८ पट पुरे), झगझगीत टॉर्च, ५ मीटरची टेप, होकायंत्र, चौकटीची वही, पेन्सिल आणि खोडरबर. फोनचा कॅमेरा आहेच, पण फोटो काढण्याआधी चित्र काढा. हात रेघ ओढतो तेव्हा डोळा सांधा पकडतो, फोटोत तो निसटतो. एका मध्यम चर्चला दोन तास धरा, त्यातला पाऊण तास बाहेर.

रविवारी सकाळी प्रार्थना असते, तेव्हा जाऊ नका. दार बंद असलं तर किल्ली कुणाकडे आहे याची चिठ्ठी बहुतेक वेळा पोर्चमध्येच लावलेली असते. भिंतीवर जुनी रंगचित्रं असतील तर हात लावायचा नाही आणि फ्लॅश मारायचा नाही. चुना खरवडून 'आत काय आहे' बघण्याचा मोह तर अजिबात नको. ही चर्चं कायद्याने संरक्षित असतात.

चार शब्द माहीत हवेत

चर्च पूर्व-पश्चिम लांब असतं. पश्चिमेकडचं मोठं दालन म्हणजे नेव्ह, इथे गाव बसायचं. पूर्वेकडचा अरुंद भाग म्हणजे चॅन्सल, तिथे वेदी आणि पाद्री. नेव्हच्या बाजूला पडवीसारखे जोडलेले भाग ते आइल. त्यांच्या आणि नेव्हच्या मधली खांब-कमानींची रांग म्हणजे आर्केड. टॉवर बहुधा पश्चिमेला, पोर्च बहुधा दक्षिणेला.

मध्ययुगात एक विभागणी ठरून गेली होती. चॅन्सलची डागडुजी रेक्टरच्या माथी, म्हणजे ज्याला गावाच्या उत्पन्नाचा दशांश मिळायचा त्याच्या. नेव्हची जबाबदारी गावकऱ्यांची. पुष्कळ ठिकाणी रेक्टर म्हणजे दूरचा एखादा मठ. मठाचा हात आखडता असला की चॅन्सल जुनंपानं राहतं आणि गाव लोकरीवर श्रीमंत झालं असेल तर नेव्ह आलिशान होतो. कधी नेमकं उलट. चर्चचे दोन भाग एकमेकांना शोभत नसले तर आधी हे दोन खिसे आठवा.

पायरी १: बाहेरून प्रदक्षिणा

आत जायची घाई करू नका. टॉवरपासून सुरुवात करून पूर्ण फेरी मारा आणि वहीत ढोबळ नकाशा काढा. उत्तर दिशा होकायंत्राने तपासून बाण काढा. पूर्व म्हणजे काटेकोर पूर्व असेलच असं नाही, चार-आठ अंशांचा फरक नेहमीचा आहे. नेव्ह आणि चॅन्सल यांचे अंश मात्र वेगवेगळे मोजा. ते जुळत नसतील तर दोन्ही एकाच वेळी बांधलेले नसण्याचा दाट संभव आहे.

चॅन्सल थोडं तिरकं दिसलं की कुणीतरी सांगतं, क्रुसावर ख्रिस्ताची मान कलली होती त्याचं हे प्रतीक. गोष्ट छान आहे, पुरावा काही नाही. खरं कारण साधं आहे. जुनं चर्च वापरात ठेवून त्याच्याभोवती नवं बांधलं जायचं, त्यामुळे मधून सरळ दोरी धरता यायची नाही आणि आखणी चुकायची.

उत्तरेकडची बाजू टाळू नका. पोर्च, मोठ्या खिडक्या, शोभा सगळं दक्षिणेला, येण्याजाण्याच्या वाटेवर. उत्तरेच्या भिंतीवर खर्च कमी झालेला असतो, म्हणून जुनं बांधकाम तिथेच टिकून राहतं. तिथलं बुजवलेलं दार दाखवून 'हे सैतानाचं दार' असं सांगितलं जातं. ते मिरवणुकांसाठी असायचं. १६व्या शतकातल्या धर्मसुधारणेनंतर, म्हणजे इंग्लंडचं चर्च रोमच्या पोपपासून वेगळं झाल्यावर, मिरवणुका बंद पडल्या आणि वारा नको म्हणून दार चिणून टाकलं.

पायरी २: दगडांमधल्या दरजा वाचा

हा लेखातला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. इथे वेळ द्या.

चांगल्या बांधकामात वरचा दगड खालच्या दोन दगडांच्या सांध्यावर येतो. भिंतीत एखादी दरज जमिनीपासून वरपर्यंत सरळ उभी गेली असेल तर तिथे दोन वेगळी बांधकामं एकमेकांना टेकली आहेत. आता जुनी बाजू कोणती? कोपऱ्याचे मोठे घडीव दगड ज्या बाजूला आहेत ती. तो एकेकाळी मोकळा कोपरा होता आणि दुसरी भिंत नंतर येऊन त्याला चिकटली. आइलच्या पश्चिम टोकाला, नेव्हच्या भिंतीला लागून असे गाडलेले कोपरे हमखास सापडतात.

मग जोतं बघा. जोत्याची उतरती कड एका ठिकाणी संपते का? तिची उंची बदलते का? तिथे टप्पा बदलला. दगडाचा रंग, थरांची उंची, अनघड दगडांऐवजी एकदम घडीव चिरे, हे सगळं नोंदवा. सकाळी लवकर किंवा उन्हं कलताना तिरपा प्रकाश पडला की बुजवलेल्या खिडकीची कमानही उमटून दिसते.

टॉवरच्या पूर्व अंगावर नजर टाका. नेव्हच्या छपराच्या वर उलट्या 'व्ही'सारखी दगडी कड दिसली तर ती जुन्या, जास्त उभ्या छपराची खूण आहे. याचा अर्थ टॉवर त्या जुन्या छपराइतका तरी जुना आहे आणि आत्ताचं सपाट छप्पर नंतरचं.

आता सर्वांत मोठी चूक: खिडकीचं वय भिंतीला लावू नका. खिडकी बदलणं सोपं असतं. १२व्या शतकातल्या भिंतीत १५व्या शतकात मोठी खिडकी बसवली की नवखा माणूस अख्खी भिंत १५व्या शतकात ढकलतो. खिडकीच्या चौकटीभोवतीचे दगड भिंतीच्या थरांशी जुळतात की तोडून बसवल्यासारखे दिसतात, ते बघा. तोडून बसवले असतील तर भिंत आधीची.

याची उलट बाजूही आहे. इंग्लंडमध्ये असंख्य ठिकाणी १४व्या शतकातल्या आइलच्या भिंतीत १२व्या शतकातलं नक्षीदार दार असतं. आइल बांधताना जुनं दार दगड सुटे करून बाहेरच्या भिंतीत पुन्हा बसवलेलं असतं, कारण इतकं सुंदर कोरीवकाम टाकवत नाही. खूण बघायची कमानीच्या माथ्याशी. नागमोडी नक्षी तिथे नीट जुळत नाही, एखादा दगड निमुळता तासून कोंबलेला असतो, नाहीतर कमान किंचित चपटी झालेली असते.

पायरी ३: शैलीवरून अंदाज

आज वापरात असलेली नावं इंग्रज वास्तुविशारद थॉमस रिकमन यांनी १८१७ मध्ये रूढ केली: नॉर्मन, अर्ली इंग्लिश, डेकोरेटेड, पर्पेंडिक्युलर. सालं ढोबळ समजा, आडगावात फॅशन वीस-तीस वर्षं उशिरा पोहोचायची.

*सॅक्सन, १०६६ च्या, म्हणजे नॉर्मनांनी इंग्लंड जिंकण्याच्या आधी.* भिंती उंच आणि पातळ, बहुधा पाऊण मीटर किंवा त्याहून कमी. कोपऱ्यावर एक दगड उभा, एक आडवा, अशी रचना. खिडकीचा माथा कधी त्रिकोणी. नॉर्दम्प्टनशायरमधल्या अर्ल्स बार्टनचा टॉवर बघितला की हे कायमचं डोक्यात बसतं. त्याच परगण्यात ब्रिक्सवर्थ आहे, तिथल्या कमानी रोमन विटा पुन्हा वापरून बांधल्या आहेत. म्हणजे वीट रोमन दिसली म्हणून इमारत रोमन होत नाही.

*नॉर्मन, साधारण १०६६ ते ११९०.* अर्धगोल कमान, जाड गोल खांब, नागमोडी नक्षी. भिंत बहुधा ९० सेंटिमीटर किंवा जास्त. खिडकी बाहेरून जेमतेम वीतभर, आत मात्र फाकत गेलेली. बट्रेस, म्हणजे भिंतीला बाहेरून दिलेला दगडी टेकू, रुंद पण चपटा.

*अर्ली इंग्लिश, साधारण १२७५ पर्यंत.* कमानीला टोक आलं. अरुंद उंच भाल्यासारख्या खिडक्या, एकेक किंवा तीन-तीन. बट्रेस भिंतीतून चांगला बाहेर येतो. नक्षीत चार पाकळ्यांची टोकदार फुलं रांगेने.

*डेकोरेटेड, साधारण १३५० ते १३७५ पर्यंत.* खिडकीच्या माथ्यावर दगडी जाळी, आधी वर्तुळांची, मग वाहत्या रेषांची. बाक घेतलेली, कांद्यासारखी टोकदार कमान याच काळात आली. कोपऱ्यावर तिरका बट्रेस दिसला तर साधारण १३०० नंतरचं समजा. लिंकनशायरमधलं हेकिंग्टन हा याचा सुंदर नमुना.

*पर्पेंडिक्युलर, १६व्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत.* ओळखायची युक्ती सोपी. खिडकीतली एक उभी दगडी पट्टी खालून वर नजरेने पकडत जा. ती मध्येच वळली, फाटे फुटले तर डेकोरेटेड. न वळता थेट कमानीला जाऊन भिडली तर पर्पेंडिक्युलर. कमानी पसरट, भिंतीपेक्षा काचच जास्त. १३४८-४९ च्या प्लेगने माणसं मेली, कामं थांबली. नंतर लोकर आणि कापडाचा पैसा वाहू लागला आणि सफकमधलं लाँग मेलफर्ड, कॉट्सवोल्ड्समधलं नॉर्थलीच अशी चर्चं उभी राहिली. लाँग मेलफर्डला तर बाहेरच्या भिंतीवर देणगीदारांची नावंच कोरली आहेत. सफकमधल्याच लॅव्हनमच्या टॉवरवर जोत्याशी स्प्रिंग या कापडव्यापारी घराण्याची व्यापारी खूण आहे आणि अगदी वर त्यांचं कुलचिन्ह. टॉवर चढेपर्यंत घराण्याची पत वाढली!

पायरी ४: आत, आर्केडजवळ

आत गेल्यावर आधी दारात भिंतीची जाडी मोजा. मग आर्केडसमोर उभे राहा.

इथे बुद्धीला एक झटका बसतो. आपल्याला वाटतं खाली खांब आहेत, वर भिंत आहे, म्हणजे खांब आधीचे. पुष्कळदा ते उलट असतं. मूळ चर्चला आइल नव्हतंच, नेव्हची सलग भिंत होती. लोकसंख्या वाढली, आणखी वेद्या हव्या झाल्या. तेव्हा गवंड्यांनी भिंत न पाडता तिच्यात ठरावीक अंतरावर उभ्या खाचा पाडल्या, त्यात खांब रचले, वर कमानीचे दगड बसवले आणि शेवटी कमानीखालची भिंत काढून घेतली. छप्पर जागच्या जागी राहिलं. म्हणून कमानींच्या वरची भिंत खालच्या खांबांपेक्षा शंभर-दोनशे वर्षं जुनी असू शकते.

खात्री कशी करायची? टॉर्च भिंतीला जवळजवळ समांतर धरा आणि कमानींच्या वर प्रकाश टाका. कमानीने अर्धी कापलेली एखादी छोटी गोल माथ्याची खिडकी दिसली तर प्रश्न मिटला. ती खिडकी बाहेर उघडण्यासाठी होती, आज ती आइलमध्ये उघडते. दुसरी खूण आर्केडच्या दोन्ही टोकांना. तिथे जुन्या भिंतीचा तुकडा जाडसर शिल्लक ठेवलेला असतो.

दोन्ही बाजूंचे खांब एकसारखे आहेत असं गृहीत धरू नका. उत्तरेला गोल आणि दक्षिणेला अष्टकोनी असले तर आइलं वेगवेगळ्या काळातली. अष्टकोनी खांबावरून मात्र साल काढायला जाऊ नका. तो १३व्यापासून १५व्या शतकापर्यंत सर्रास वापरला गेला. खांबाच्या माथ्याच्या आणि तळाच्या कडांचा आकार हाताने वहीत उतरवा, साल तिथून सुटतं. कमानींमधली अंतरंही मोजा. तीन कमानी सारख्या आणि चौथी रुंद असेल तर नेव्ह नंतर लांबवलेला असू शकतो.

आर्केडच्या वर खिडक्यांची आणखी एक ओळ असेल तर ती बहुधा १५व्या शतकात चढवलेली. त्याचा छपराशी थेट संबंध आहे. गवत किंवा दगडी फरश्यांचं छप्पर पाणी वाहून जावं म्हणून उभं लागतं. शिशाचे पत्रे जवळजवळ सपाट छपरावर चालतात, उलट उभ्या उतारावर शिसं स्वतःच्या वजनाने हळूहळू खाली सरकतं. शिसं परवडू लागलं, छप्पर खाली आलं, मग त्याखाली भिंत वर नेऊन खिडक्या काढता आल्या.

पायरी ५: कोनाडे आणि बंद जिने

दक्षिणेच्या भिंतीत छोटा कोनाडा आणि तळाला भोक असलेली वाटी दिसली तर ती पिसिना, पूजेची भांडी विसळलेलं पाणी जिरवायची जागा. जिथे पिसिना तिथे वेदी होती, हा नियम लक्षात ठेवा. आइलच्या पूर्व टोकाला पिसिना सापडली म्हणजे तिथली वेदी गेली, खूण राहिली.

चॅन्सलच्या कमानीजवळ भिंतीत अरुंद जिना वर जातो आणि हवेत संपतो? तो रूडच्या माळ्याचा जिना. कमानीत लाकडी पडदा, त्यावर माळा आणि रूड, म्हणजे क्रुसावरच्या ख्रिस्ताची मोठी मूर्ती, असायची. १६व्या शतकातल्या धर्मसुधारणेत मूर्ती गेल्या, माळे उतरवले, भिंतीवरची चित्रं चुन्याखाली गेली. पुढे १६४३-४४ मध्ये विल्यम डाउसिंग सफक आणि केंब्रिजशायरमध्ये गावोगाव फिरून उरल्यासुरल्या मूर्ती आणि रंगीत काचा फोडत होता.

पायरी ६: व्हिक्टोरियन हात ओळखा

चर्च फार नीटनेटकं दिसलं की सावध व्हा. १९व्या शतकात बहुतेक सगळ्या चर्चांचा 'जीर्णोद्धार' झाला. त्यात पुष्कळदा १५व्या शतकातली खरी खिडकी काढून १३व्या शतकातली वाटेल अशी नवी बसवली, कारण तेव्हाच्या अभिरुचीला १३वं-१४वं शतक शुद्ध वाटत होतं. खुणा अशा: कडा धारदार, दगड एकरंगी, छिन्नीचे घाव यंत्रासारखे समांतर. आतला गिलावा खरवडून अनघड दगड उघडे पाडलेले, रंगीत नक्षीच्या फरश्या, पिवळसर पाइनची बाकं. मध्ययुगात आतल्या भिंतींना गिलावा आणि रंग असायचा. 'अस्सल जुना' वाटणारा तो उघडा दगड बहुधा व्हिक्टोरियन आवडीचा आहे. याच खरवडण्याविरुद्ध विल्यम मॉरिस यांनी १८७७ मध्ये जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली.

मुंबईकरांना हा हात ओळखणं सोपं जावं. राजाबाई टॉवरचा आराखडा करणारे जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट हे इंग्लंडमधल्या शेकडो चर्चांच्या जीर्णोद्धारात होते. कुलाब्याचं अफगाण चर्च (१८५८) १३व्या शतकातल्या इंग्रजी धाटणीत बांधलेलं आहे. मुंबईत असाल तर तिथे अर्धा तास घालवा. एकाच योजनेप्रमाणे बांधलेलं चर्च किती एकसंध दिसतं ते कळलं की खऱ्या जुन्या चर्चमधले सांधे डोळ्यांत खुपू लागतात.

सरावासाठी: इफली

ऑक्सफर्डपासून थेम्सच्या काठाने चालत इफलीला जाता येतं. तिथलं सेंट मेरी चर्च सुमारे ११६०-७० चं. सरावाला उत्तम, कारण त्याला आइलं कधी जोडलीच गेली नाहीत आणि मूळ आकार स्पष्ट राहिला: नेव्ह, मधोमध टॉवर, मग चॅन्सल. पश्चिमेचं दार नागमोडी नक्षीने आणि चोची रोवून बसलेल्या प्राण्यांच्या डोक्यांनी भरलेलं आहे. इथेच थांबून लोक फोटो काढतात आणि जातात.

तुम्ही दारावरची गोल खिडकी बघा. ती १८५६ मध्ये बसवलेली आहे. तिच्या जागी १५व्या शतकातली खिडकी होती, पण मूळ वर्तुळाच्या खुणा भिंतीत शिल्लक होत्या, त्यावरून ती पुन्हा घडवली. म्हणजे जागा १२व्या शतकातली, दगड १९व्या. बाजूने चालत जा: भिंत नॉर्मन, तिच्यातल्या काही खिडक्या १५व्या शतकातल्या. शेवटी पूर्व टोक. चॅन्सल १३व्या शतकात लांबवलं आहे. आत उभं राहून छताच्या कमानपट्ट्या बघा. आधीच्या भागात भरगच्च नागमोडी नक्षी, पुढे एकदम संयत अर्ली इंग्लिश. शैली बदलते ती रेघ वहीत ओढा.

पायरी ७: कागद तपासा, मग नकाशा रंगवा

कागद आधी वाचू नका, नाहीतर डोळे तेवढंच शोधतात. घरी येऊन हिस्टॉरिक इंग्लंडच्या संरक्षित इमारतींच्या ऑनलाइन यादीतली नोंद वाचा. ब्रिटिश हिस्टरी ऑनलाइनवर अनेक परगण्यांचे सविस्तर इतिहास मोफत आहेत. १९व्या शतकातल्या बदलांसाठी लॅम्बेथ पॅलेस ग्रंथालयात १८१८ मध्ये स्थापन झालेल्या चर्च-बांधणी अनुदान संस्थेचे नकाशे आहेत. अनुदानासाठी नकाशे जोडावे लागायचे, त्यामुळे काय पाडलं आणि काय नवं केलं ते त्यावरून कळू शकतं. १५व्या शतकातल्या मृत्युपत्रांत 'टॉवरच्या कामासाठी इतके शिलिंग' अशा नोंदी सापडतात. अशा नोंदीवरून काम चालू होतं किंवा ठरलं होतं एवढंच सिद्ध होतं, पूर्ण झालं असं नाही. तसंच १०८६ च्या डूम्सडे पाहणीत गावाच्या नोंदीत चर्च नसलं म्हणून तिथे चर्च नव्हतं असं धरू नका. ती पाहणी उत्पन्नासाठी होती.

मग नकाशाची स्वच्छ प्रत काढा आणि प्रत्येक टप्प्याला एक रंग द्या. सगळ्यात जुना गडद, पुढचे फिके. भिंतीला एक रंग, तिच्यातल्या खिडकीला वेगळा. बाजूला क्रमांक घालून लिहा: १. नेव्हची भिंत, २. टॉवर (पूर्व अंगावर छपराची खूण), ३. उत्तर आइल (गाडलेला कोपरा). कंसातला पुरावा लिहिता येत नसेल तर तो भाग रंगवू नका, पेन्सिलीने प्रश्नचिन्ह टाका. पहिल्या नकाशावर निम्मी प्रश्नचिन्हंच असतात. दुसऱ्या फेरीला तोच नकाशा घेऊन जा आणि थेट त्या जागांपाशी टॉर्च लावा.